पाट्यांची बस की बलूनची?

आमच्या सोसायटीने स्टेशनसाठी आतापर्यंत दोन प्रकारच्या बस लावून पाहिल्या. पहिली एसी इलेक्ट्रिक, ९ मीटरची, खाली धक्के झेलायला हवेचं सस्पेन्शन, ज्याला मेकॅनिक लोक सरळ ‘बलून’ म्हणतात. दुसरी साधी सीएनजी, इंजिन ड्रायव्हरच्या शेजारी, खाली पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, खिडक्यांना सरकत्या काचा. पहिली दोन वर्षं होती, दुसरीला आता दीड वर्ष होईल. दोन्ही कंत्राटावर, आपण महिन्याचे पैसे द्यायचे, गाडी, ड्रायव्हर आणि दुरुस्ती कंत्राटदाराची. मार्ग एकच, कासारवडवली ते ठाणे स्टेशन. कमिटीत बसचं खातं माझ्या गळ्यात पडलं, कारण त्या मीटिंगला मी उशिरा पोचलो.

घोडबंदर रोडवरच्या आणि खारघर-उलव्याकडच्या काही सोसायट्या आता हीच निवड करायला बसल्यात आणि विचारणा होते, म्हणून लिहितोय. सीट किती, एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर, महिन्याचा दर काय, हे तुमच्या कोटेशनमध्ये आहेच. त्यात मी पडत नाही.

आधी इलेक्ट्रिकचं कौतुक, कारण ते खरं आहे. पहिल्या दिवशी बस गेटमधून बाहेर पडली तेव्हा आत कोणी बोलेना. आवाजच नाही म्हटल्यावर लोक एकमेकांकडे बघायला लागले. शेवटच्या सीटवर बसून मी पेपरातलं शब्दकोडं सोडवत गेलो आणि अक्षरं चौकटीत बसली. माझ्याकडे मोजमापाचं दुसरं यंत्र नाही. साध्या बसमध्ये मागच्या चाकावरच्या सीटवर ते जमत नाही, माजिवड्याच्या अलीकडे तर पेन हातात धरण्यातही अर्थ नाही. इलेक्ट्रिकमध्ये बिघडायला जागाही कमी. क्लच नाही, गिअरबॉक्सची खरखर नाही, ऑइल बदलणं नाही. पाय उचलला की मोटरच गाडीला आवरते, त्यामुळे ब्रेक लायनर बरेच दिवस जातात. दोन वर्षांत ड्राइव्हच्या बाजूने गाडी आम्हाला एकदाच नडली, तीही गंमतच. मोठी बॅटरी पूर्ण चार्ज आणि गाडी चालू होईना. दार, दिवे, डॅशबोर्ड हे सगळं वेगळ्या २४ व्होल्टच्या साध्या बॅटरीवर चालतं आणि ती रात्री उतरली होती. शेजारच्या टेम्पोवाल्याने केबल लावून दिली.

बलूनला मात्र थोडी काळजी लागते. हवेच्या टाकीत पाणी साठतं, ते काढलं नाही तर पावसाळ्यात ते पुढे व्हॉल्व्हपर्यंत जातं. कुठे बारीक गळती असली की सकाळी बस एका कुशीवर बसलेली दिसते. कॉम्प्रेसर चालू झाला की पाच-सात मिनिटांत उठते. त्याचं मला फारसं वाटलं नाही. पाट्यांचंही ग्रीसिंग चुकलं की पिनांचा कुईकुई आवाज अख्ख्या टॉवरला ऐकू जातो.

बॉडीच्या बाबतीत दोन्हीकडे फार फरक मला दिसला नाही, आणि हे सांगताना मी थोडा कचरतोय, कारण मी इंजिनीअर नाही. सांगाडा दोन्हीचा चौकोनी लोखंडी पाइपचा, वर ॲल्युमिनियमचा पत्रा. आपल्याकडे खाडी जवळ, हवा दमट. लोखंड आणि ॲल्युमिनियम जिथे टेकतात तिथे मध्ये सीलंट नीट भरलेलं नसेल तर पाणी धरतं आणि पत्र्यावर पांढरी भुकटी यायला लागते. रंगाकडे बघून काही कळत नाही. पायरीखाली वाकून बघा, चाकाच्या कमानीत मोबाइलचा टॉर्च मारा, आणि दाराजवळच्या फ्लोअरवर टाच दाबून बघा. तिथे खालचा प्लाय पाण्याने कुजला असेल तर पाय किंचित आत जातो. कंत्राटदार नवी कोरी गाडी दाखवायला आणतो. तीन वर्षं चाललेली दाखव म्हणावं.

आता मुद्दा. सोसायटीत मेंटेनन्स म्हटलं की लोकांना तिमाहीचं बिल आठवतं. मला एसीची गळती आठवते.

पहिलं वर्ष काही झालं नाही. दुसऱ्या पावसाळ्यात डावीकडच्या तिसऱ्या सीटवर पाणी पडायला लागलं. टपटप पडलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पाणी वर ट्रेमध्ये साठायचं आणि ड्रायव्हरने सिग्नलला ब्रेक मारला की पुढे सरकून जाळीतून भसकन खाली यायचं. कापूरबावडीला एक घोट, माजिवड्याला एक घोट. नेहमीचे लोक त्या सीटवर बसेनात. नवखा माणूस मात्र खिडकीची सीट मोकळी बघून खूश होऊन बसायचा, आणि आम्ही सगळे त्याच्याकडे न बघितल्यासारखं करायचो. एकदा बारशाला निघालेल्या एक काकू रेशमी साडीत तिथे बसल्या. त्यानंतर ग्रुपवर जे काही आलं ते इथे लिहीत नाही. पुढच्या सोमवारी एकाने बसमध्ये, बसायच्या आधीच, छत्री उघडली. तो फोटो मात्र माझ्याकडे अजून आहे.

कारण साधं आहे. छतावरच्या एसीमध्ये हवेतली वाफ थंड होऊन पाणी होतं, ते ट्रेमधून एका नळीत उतरतं आणि खांबाच्या आतून रस्त्यावर पडतं. आपल्या रस्त्यावर मेट्रो-४ च्या कामाची धूळ. ती फिल्टरमधून थोडी थोडी आत जाते, ओल्या ट्रेमध्ये चिखल होते आणि नळीत जाऊन बसते. नळी साफ केली की संपलं. घरच्या स्प्लिट एसीचं पाणी भिंतीवर उतरायला लागलं की आपण जे करतो तेच.

कंत्राटदाराचा माणूस आला, वर बघितलं आणि म्हणाला, “मी हात लावणार नाही.” नळीपर्यंत जायचं तर आतलं प्लास्टिकचं पॅनेल काढावं लागतं. ते क्लिपांवर बसवलेलं, काढताना क्लिपा तुटतात, नव्या क्लिपा कंपनीकडूनच यायच्या. शिवाय तिथूनच एसीच्या कॉम्प्रेसरकडे जाड केशरी केबल जाते, म्हणजे मोठ्या व्होल्टेजची. त्याचं न ऐकणारा मी कोण? त्याला शिकवलंच नव्हतं, तर त्याने हात न लावणं बरोबरच होतं. मग कंपनीच्या माणसाची वाट. त्याच्याकडे पाच-सहा गावांच्या गाड्या, त्यात आमची एक. ११ दिवसांनी आला. पॅनेल काढायला त्याला १० मिनिटं लागली, नळीला सायकलचा पंप लावला, दोनदा दाबलं, आणि अर्धी वाटी करडा गाळ खाली पडला. त्यातला थोडा त्याने माझ्या तळहातावर ठेवला, पेशंटला मुतखडा दाखवावा तसा.

दीड महिन्याने पुन्हा तेच. मग पुन्हा ११-१२ दिवस. तिसऱ्या खेपेला ड्रायव्हरने बिसलेरीची बाटली मधून कापली आणि तारेने जाळीखाली टांगली. स्टेशनला पोचलं की तो बाटली खिडकीबाहेर, नव्हे, दाराबाहेर ओतायचा. खिडक्या उघडत नव्हत्याच. एवढ्या किमतीची गाडी, आत बसल्याजागी फोन चार्ज करायची सोय, आणि डोक्यावर डुलणारी अर्धी बाटली. कंत्राट संपलं तेव्हा ते पुढे चालवायचं नाही असं मी कमिटीत सुचवलं, ते मुख्यतः त्या बाटलीमुळे.

साधी बस आली तेव्हा तक्रारींचा पाऊस पडला, आणि बऱ्याच रास्त होत्या. मे महिन्यात दुपारी आत बसवत नाही. इंजिनाच्या झाकणाची ऊब ड्रायव्हरच्या मागच्या दोन सीटना लागते. सीएनजी भरायच्या रांगेत गाडी अडकली की दुपारची फेरी उशिरा. सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी तपासणी झाली का, हा कागद मला स्वतः मागून बघावा लागतो. आणि उंची. शहर बससाठी केंद्राने घातलेल्या निकषांत जमिनीपासून फ्लोअरची उंची ४००, ६५० आणि ९०० मिलिमीटर अशी तीन प्रकारची आहे. आमची इलेक्ट्रिक खालच्या गटातली होती, ही वरच्या. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हा फरक कागदावर वाचावा लागत नाही. कंत्राटदाराकडून एक घडीची पायरी आणि पिवळा पाइप वेल्ड करून घेतला, तरी आमच्या सातव्या मजल्यावरच्या आजी दोनदा चढून बघून रिक्षाच करायला लागल्या. ती एक गोष्ट मला लागून राहिली आहे.

पण खडखडाटाचं उदाहरण घ्या. सरकत्या काचांच्या चॅनेलमधली रबराची पट्टी झिजली की काच वाजते. पहिल्या पावसाळ्यानंतर सगळी उजवी बाजू वाजायला लागली. लोकांनी आपापली व्यवस्था केली. कोणी तिकीट दुमडून खोचलं, कोणी मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा. मी कंत्राटदाराला फोन केला. शनिवारी त्याचा माणूस पट्टीचं भेंडोळं खांद्यावर टाकून आला, दोन तासांत सगळ्या खिडक्या केल्या, उरलेला तुकडा वॉचमनच्या केबिनच्या दाराला लावून गेला. समोरची काच एकदा दगड उडून तडकली. ती दोन तुकड्यांची, मध्ये पट्टी. त्यातली एकच बदलली आणि संध्याकाळची ६:४० ची फेरी वेळेवर सुटली. मागच्या कोपऱ्याचा पत्रा दुचाकीने चेपला, तर पत्रेवाल्याने रिव्हेट उडवले, नवा तुकडा मारला, रंग जरा फिका आला. तो फिका कोपरा अजून दिसतो, पण त्यातून पाणी येत नाही.

माझं कॉलेज आणि पहिली नोकरी अशाच पाट्यांच्या बसमध्ये गेली, तेव्हा सवयीचा भाग माझ्या मतात असणार. तुम्ही तो वजा करून वाचा.

शिवाय महापालिकेच्या इलेक्ट्रिक बसचा दाखला देऊन कोणी तुम्हाला गाडी विकत असेल तर एवढंच बघा, की तिथे बहुतेक करार किलोमीटरमागे पैसे असा असतो आणि एका आगारात त्याच बनावटीच्या ढीगभर गाड्या उभ्या असतात. चार्जर तिथे, सुटे भाग तिथे, कंपनीची माणसं तिथेच. एखाद्या गाडीची नळी तुंबली तर रात्री आगारात मोकळी होऊ शकते. सोसायटीची बस एकटी असते, रात्री क्लब हाउसमागे उभी. तिला जो हात मिळतो तो गेटबाहेरच्या गॅरेजचा. साध्या बसची बॉडी त्या हाताला ओळखते.

म्हणून खारघर किंवा उलव्यात, सिडकोच्या रुंद रस्त्यांवर, पाच-सहा सोसायट्या मिळून गाड्या घेत असाल आणि कंपनी जवळ माणूस ठेवायला तयार असेल, तर माझं सगळं वरचं बाजूला ठेवून इलेक्ट्रिक घ्या. ज्येष्ठ मंडळी जास्त असतील तरीही तोच विचार करा. घोडबंदरला, एक-दोन बसपुरतं, मी आज तरी साधीच घेईन. एसी नाही म्हणून ज्यांनी माझ्याशी दोन महिने अबोला धरला, ते आता काच सरकवून गायमुखकडून येणारा वारा घेत बसतात. परवा त्यातल्या एकाने काचेला तेल घालायला सांगितलं.

मार्चमध्ये कंत्राट पुन्हा निघेल. एसीवाला गट तयारीत आहे आणि त्यांचं बहुमत होईल असं दिसतंय. मी विरोध करणार नाही. मसुद्यात फक्त एक ओळ घातली आहे: एसीची पाण्याची नळी दर महिन्याला साफ व्हावी, तिच्यावरचं पॅनेल क्लिपांऐवजी स्क्रूचं असावं, आणि ते उघडायला शिकवलेला माणूस ठाण्यातच असावा. इलेक्ट्रिकवाल्या कंत्राटदाराने ती ओळ दोनदा वाचली आणि कंपनीला विचारून सांगतो म्हणाला. त्याला आता तीन आठवडे झाले.