स्प्लेंडर, ११ महिने, घरी बदललेलं ऑइल आणि दहा रुपयाचं वायसर

गाडी २०१७ ची स्प्लेंडर प्लस. रोज कोल्हापूर ते कागल एमआयडीसी आणि परत, महिन्याला हजारभर किलोमीटर होतंच. ऑइल घरी बदलायला लागलो त्याला ११ महिने झाले, आणि हौस म्हणून नाही, चिडून.

सर्व्हिस सेंटरमधनं गाडी आणली आणि दुसऱ्या दिवशी पार्किंगच्या फरशीवर रुपयाएवढा काळा डाग. बघतोय तर ड्रेन बोल्टला, म्हणजे जुनं ऑइल खाली सोडायच्या बोल्टला, जुनंच वायसर. ते ॲल्युमिनियमचं असतंय, आवळलं की चेपून बसतं म्हणून गळत नाही, आणि एकदा चेपलेलं परत तसं बसत नाही, एवढा साधा विषय. परत नेली तर पोरानं १७ च्या पान्याला पाइप लावून अजून आवळला. पुढच्या वेळी बोल्टाबरोबर आटेच बाहेर आले. लेथवाल्याकडं आटे पाडून घ्यायला साडेचारशे गेले. बिलात 'कन्झ्युमेबल्स' म्हणून ६० रुपये लावलेले, त्यात वायसर नव्हतं तर मग काय होतं??

असो. ऑइल मॅन्युअलमधलंच, १०डब्ल्यू-३० (हा ऑइलच्या पातळ-जाडपणाचा नंबर), जासो एमए (हा बाइकच्या ऑइलचा शिक्का). आमचा मिस्त्री म्हणायचा दोन हजार किलोमीटरला बदलाच, काळं पडलं की संपलं. मी घाबरून पहिली दोन ऑइल दोन-दोन हजारालाच काढली. नंतर कळलं की काळं पडणं म्हणजे ऑइल इंजिनातली घाण धरून ठेवतंय, त्याचं कामच ते. डबा साधारण चारशेला. वर्षाला १२ हजार किलोमीटर धरलं तर दोन हजाराच्या हिशोबानं सहा डबे, चार हजाराच्या हिशोबानं तीन. बाराशे रुपये नुसते रंग बघून घालवायचे म्हणजे...

मग मीच शहाणपणा केला. मेव्हण्यानं कारचं ऑइल बदललेलं, त्यातलं लिटरभर ५डब्ल्यू-३० सीलबंद उरलेलं. "दाजी, भारी फुल सिंथेटिक आहे, वाया कशाला घालवताय, ओता की." फुकट म्हटल्यावर मीपण ओतलं. चार-पाच दिवस गाडी लोण्यासारखी, मी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटलो. रविवारी बायकोला घेऊन जोतिबाला निघालो, चढावर तिसऱ्या गिअरला इंजिन भूं करतंय आणि गाडी हलायला तयार नाही. मागनं आवाज, "अहो, नुसती ओरडतीय, पुढं कुठं जातीय?" क्लच स्लिप. कारचा क्लच कोरडा असतो, आपल्या गाडीच्या क्लचप्लेटा त्याच इंजिन ऑइलात बुडालेल्या. डब्याच्या मागं गोल शिक्क्यात 'रिसोर्स कन्झर्विंग' लिहिलेलं होतं, म्हणजे घर्षण कमी करणारी औषधं घातलेली, ती प्लेटांना घसरवतात. त्यासाठीच जासो एमए बघायचं. ॲक्टिव्हासारख्या स्कूटरचं जासो एमबीवालं पण नको, तिथं क्लच कोरडा आहे म्हणून चालतंय. लगेच काढून एमए घातलं, पाचशे किलोमीटरनं परत एकदा काढलं, तेव्हा घसरणं थांबलं. प्लेटा वाचल्या हे नशीब, पण फुकटच्या ऑइलापायी दोन डबे गेले.

मग एकदा बाइकचंच महागडं सिंथेटिक घातलं, दुप्पट किंमत. गिअर हलके पडतात हे खरं, पण पहिले पाचशे-सहाशे किलोमीटर, नंतर मला तरी फरक कळला नाही. मायलेज आधी ६२-६३, नंतरपण तेवढंच. साडेतीन हजारानं काढलं, परत आणणार नाही.

आता मत बदललेली गोष्ट. मॅन्युअलमध्ये ३००० ला टॉपअप आणि ६००० ला बदली असं लिहिलंय, ते मी सहा महिन्यांपूर्वी सगळ्यांना कंपनीचा येडेपणा म्हणून सांगत होतो. चूक माझीच. लोक ६००० तेवढं वाचतात, टॉपअप विसरतात. माझ्या डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजायच्या काडीवर, लेव्हल तीन हजाराला खालच्या रेघेवर आलेली. या इंजिनात ऑइल लिटरभरसुद्धा मावत नाही, त्यातलं थोडं गेलं तरी उरलेल्यावर ताण येतो. लेव्हल बघताना गाडी मेन स्टँडवर, इंजिन जरा चालवून बंद करायचं, दोन-तीन मिनिटं थांबायचं, आणि डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवायची. फिरवून आवळली की आत जास्त जाते आणि लेव्हल खोटी वाढलेली दिसते, सर्व्हिसवाला पोरगा तसंच बघायचा!! मी टॉपअप करून चार हजाराला बदलतो, कागलच्या रस्त्याची धूळ बघता सहापर्यंत जायला मन धजत नाही.

वायसर मात्र दर वेळी नवीन. दुकानदार सुटं द्यायला तयार नव्हता, बोल्टसकट घ्या म्हणाला, दुसरीकडं जाऊन एकदम दहा घेतली, शंभरला. काल परत बदललं, आज सकाळी खाली कागद घालून बघितलं, एक थेंब नाही. जुना डाग तेवढा जाईना, रॉकेल झालं, सोडा झाला, घरमालक अजून बघतोय. कुणाला काही माहीत असेल तर सांगा.