परदेशातली बातमी कुणाकडून घ्यायची: रॉयटर्स, बीबीसी की अल जझीरा?

माझी भाची पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत बसून यूपीएससी करतेय. मागच्या आठवड्यात तिचा फोन, "मामा, बाहेरच्या बातम्यांसाठी एकच काहीतरी सांग, दहा अ‍ॅप ठेवायला ना वेळ आहे ना मोबाइलमध्ये जागा." तिच्या क्लासचे सर म्हणतात बीबीसी, रूममेट अल जझीराची फॅन, आणि एक सिनियर (दोन मेन्स दिलेत त्याने, त्यामुळे शब्दाला वजन) म्हणतो बाकी सगळं सोड, फक्त रॉयटर्स. मी म्हटलं लिहूनच पाठवतो, फोनवर हे व्हायचं नाही. तेच थोडं वाढवून टाकतोय.

आधी एक सांगतो. मराठी पेपरात आतल्या पानावर "वॉशिंग्टन, वृत्तसंस्था" असं असतं ना, ती वृत्तसंस्था म्हणजे बऱ्याचदा रॉयटर्स, एपी नाहीतर एएफपी, कधी थेट तर कधी आपल्या भारतीय पीटीआयच्या हातून आलेली, आणि डेस्कवर कुणीतरी रात्री अकराला चहा पिता पिता मराठीत केलेली. टीव्हीवर पण तेच. युक्रेनचं युद्ध चालू असताना पाच चॅनल फिरवून बघ, तोच धूर, तीच बॅगा घेऊन पळणारी माणसं, फक्त अँकरचा आवाज आणि मागचं म्युझिक वेगळं, कारण व्हिज्युअल्स विकणारेच जगात दोन-तीन आहेत. म्हणजे विहीर एकच, टँकरने घरपोच आलेलं प्यायचं की स्वतः जाऊन शेंदायचं एवढाच प्रश्न. तू शेंदायला निघालीयस, चांगलं आहे, पण विहीर कुणाच्या आवारात आहे ते बघून घे.

मी तिघांना एकाच मापाने मोजतो: पगार कोण देतो? "निष्पक्ष कोण" हा प्रश्न मी विचारतच नाही, त्याचं उत्तर प्रत्येकजण आपल्या नावाने देतो.

रॉयटर्सपासून सुरू करू. १८५१ पासूनची लंडनची कंपनी, त्याच्या आधी तर हे रॉयटर साहेब कबुतरांच्या पायाला शेअरचे भाव बांधून पाठवत होते, खरंच. आणि गंमत म्हणजे आजही घर चालतं ते बाजारावरच. मूळ कंपनीने आपला आर्थिक डेटाचा धंदा विकला तेव्हा नव्या मालकांशी ३० वर्षांचा करार झाला, वर्षाला किमान ३२.५ कोटी डॉलर रॉयटर्सच्या बातम्यांसाठी मिळणार असा. म्हणजे पहिला वाचक तू नाहीस आणि मी पण नाही, स्क्रीनसमोर बसलेला ट्रेडर आहे. त्याला बातमीत रडारड नको असते, कोण बोललं, काय बोललं, कधी बोललं, आकडा किती, संपलं. म्हणून ती कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, अशी सुकी भाकरीसारखी लागते. पण तुला नोट्स काढायच्या असतील तर सुकी भाकरीच बरी, डब्यात टिकते.

अजून एक मजा. अमेरिकन कंपन्यांचे तिमाही निकाल लागले की त्याची बातमी रॉयटर्समध्ये कुठे टाइप होते? २००४ पासून बरीचशी बंगळुरूला. न्यूयॉर्कच्या बाजाराची बातमी आपल्याकडची पोरं नाइट शिफ्टला बसून देतात, आणि त्यावर तिकडचा शेअर हलतो. ग्लोबलायझेशन म्हणजे कॉल सेंटर एवढंच आपल्या डोक्यात असतं, न्यूजरूम पण आली ती अशी.

आता कुणी म्हणेल बाजारवाले मग गरिबाची बातमी कशाला देतील. तसं पण नाही. म्यानमारमध्ये इन दिन गावात १० रोहिंग्या पुरुषांना मारलं ती बातमी रॉयटर्सच्या दोन पत्रकारांनी काढली, वा लोन आणि क्यो सो ऊ, दोघे तिथलेच, बाहेरून गेलेले गोरे नाहीत. डिसेंबर २०१७ मध्ये अटक, सुटका मे २०१९ मध्ये. आपला दानिश सिद्दीकी पण रॉयटर्सचाच फोटोग्राफर, रोहिंग्यांच्या फोटोंसाठी रॉयटर्सच्या टीमला पुलित्झर मिळालं त्यात तो होता, जुलै २०२१ मध्ये अफगाणिस्तानात मारला गेला. जगाची बातमी म्हणून आपण जे वाचतो त्यात जीव असा स्थानिक माणसाचा लागलेला असतो, आणि बऱ्याचदा त्याचं नाव कॉपीच्या तळाला बारीक अक्षरात.

तोटे? एक म्हणजे २०२४ च्या शेवटाकडे साइट पेवॉलमागे जायला लागली, म्हणजे पैसे भरा मग वाचा. दुसरं, संदर्भ कमी, सुदानमध्ये सैन्य आणि निमलष्करी दल आपसात का भांडतायत ते तुला आधीच माहीत आहे असं धरूनच चालतात. पेवॉल नडलं तर एपी घे, जवळपास तोच माल आणि साइट फुकट. एपी १८४६ ची, अमेरिकन वर्तमानपत्रांची सहकारी संस्था, आपल्याकडे दूध संघ असतो ना तसंच, नफा वाटायचा नाही. २०२५ मध्ये ट्रम्प साहेबांनी गल्फ ऑफ मेक्सिकोचं नाव गल्फ ऑफ अमेरिका केलं, एपीने जुनं नाव सोडलं नाही, का तर म्हणे आमची बातमी जगभर जाते, सगळ्यांना कळेल असंच नाव पाहिजे. त्यावरून त्यांच्या पत्रकारांना ओव्हल ऑफिसात बंदी. जगभर गिऱ्हाईक असलं की भाषा कशी बदलते, किंवा बदलत नाही, ते इथे दिसतं.

(यूपीएससीवाल्यांसाठी जाता जाता: १८७० मध्ये हावास, रॉयटर आणि वोल्फ या तीन एजन्सींनी जग चक्क वाटून घेतलं होतं, ब्रिटिश साम्राज्य रॉयटरच्या वाट्याला, म्हणून आपणही. आपली पीटीआय १९४९ ला उभी राहिली ती रॉयटर्सच्या ताब्यातल्या एजन्सीचं काम हातात घेऊन. आणि सत्तरच्या दशकात आमच्या बातम्या तुम्हीच का सांगता म्हणून तिसऱ्या जगाने युनेस्कोत आवाज उठवला, १९८० चा मॅकब्राइड अहवाल त्यातलाच, आणि या सगळ्या भांडणात अमेरिका १९८४ च्या अखेरीस युनेस्को सोडून गेली, पुढच्या वर्षी ब्रिटन. मेन्सच्या जीएस टू पेपरला कधीही येऊ शकतं.)

आता बीबीसी. माझे आजोबा रात्री ट्रान्झिस्टरची एरियल खिडकीच्या गजातून बाहेर काढून बीबीसी हिंदी लावायचे आणि घरात कुणी खोकललं तरी डोळे वटारायचे. आणीबाणीत तर सरकारी रेडिओवर कुणाचा भरवसाच नव्हता, १९७५ ला बीबीसीचे इथले पत्रकार मार्क टली यांना भारत सोडायला लागला होता यावरूनच काय ते कळतं. ती हिंदी शॉर्टवेव्ह सेवा जानेवारी २०२० मध्ये बंद झाली. पण बीबीसी मराठी २ ऑक्टोबर २०१७ ला सुरू झाली, आणि माझ्या मते भाचीपेक्षा भाचीच्या आईला, म्हणजे आमच्या ताईला, त्याचा जास्त उपयोग आहे, कारण इराणमध्ये काय चाललंय ते पहिल्यापासून, नीट मराठीत, ओरडाओरड न करता सांगणारं दुसरं फार काही नाही.

पगार कोण देतो? वर्ल्ड सर्व्हिसला, म्हणजे बीबीसीच्या बाहेरच्या जगासाठीच्या विभागाला, २०१४ पर्यंत ब्रिटनचं परराष्ट्र खातं पैसे द्यायचं, मग लायसन्स फी, म्हणजे तिकडच्या टीव्ही असलेल्या घरांकडून घेतलेली वर्गणी, आणि २०१६ पासून परत थोडे सरकारचे. बातमी सरकार सांगेल तशी देतात असं मी म्हणणार नाही, आपल्याच सरकारला सोलून काढताना मी त्यांना बघितलंय. पण कात्री लागली की पहिली कुठल्या तरी परक्या भाषेला लागते, अरबी रेडिओ २०२३ च्या जानेवारीत बंद केला, तोही ८० च्या वर वर्षं चालवून.

आणि भारतात तर अजून एक गुंता. डिजिटल न्यूजमध्ये परदेशी मालकी २६ टक्क्यांच्या वर नको असा नियम २०१९ ला आला, म्हणून एप्रिल २०२४ पासून बीबीसी मराठी वगैरे सगळ्या भाषा कलेक्टिव्ह न्यूजरूम नावाच्या भारतीय कंपनीकडे, बीबीसीच्याच जुन्या लोकांनी काढलेली. आपल्याला हा २६ चा आकडा नवा नाही बरं का. स्टार माझा आठवतं? २००७ ला आलं, मरडॉकचं स्टार २६ टक्के आणि कोलकात्याचं आनंद बाजार ७४ टक्के, टीव्ही न्यूजला तेव्हा असलेल्या अशाच मर्यादेपायी. २०१२ ला स्टारने नाव काढून घेतलं आणि एका रात्रीत एबीपी माझा. आपण तेच अँकर बघत बसलो, लोगो बदलला तो दोन दिवसांनी लक्षात आला, निदान माझ्या तरी.

बीबीसीवर आपल्याकडे सगळ्यात जास्त राग येतो तो शब्दांवरून. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम झालं तेव्हा "मिलिटंट" का लिहिलं म्हणून भारत सरकारने त्यांना पत्र दिलं. मलाही तो शब्द टोचला, खोटं कशाला बोलू. पण ही सवय आपल्यापुरती नाही, ते हमासबद्दल पण स्वतःच्या तोंडाने टेररिस्ट म्हणत नाहीत आणि त्यावरून लंडनमध्येच शिव्या खातात, रॉयटर्सचं पण ९/११ नंतर हेच. शंभर देशांत विकायची तर कुणाचं विशेषण लावायचं नाही, असा तो हिशोब आहे. पटो न पटो, वाचताना माहीत असलेलं बरं.

अल जझीरा मी मुद्दाम शेवटी ठेवलं कारण त्याचा जन्मच बीबीसीच्या पोटातून झाला. १९९४ मध्ये बीबीसीने सौदी पैशावर अरबी टीव्ही चॅनल काढलं, १९९६ मध्ये सौदीला न आवडणारा एक कार्यक्रम दाखवला, सौदी पार्टनरने प्लग काढला, झालं, ट्रेनिंग झालेले पत्रकार रस्त्यावर. तेच कतारच्या अमीरांनी, म्हणजे तिथल्या राजांनी, उचलले, वर ५० कोटी रियाल ठेवले आणि १ नोव्हेंबर १९९६ ला दोह्यात चॅनल सुरू. इंग्रजी आलं २००६ ला, नोव्हेंबरातच.

इतकी वर्षं अरब देशांत टीव्हीवर राजेसाहेब विमानातून उतरतायत एवढीच बातमी असायची, तिथे हे लोक इस्रायली प्रवक्त्यालाही बोलवायला लागले, विरोधकांना पण. शेजारी इतके चिडले की २०१७ ला सौदी, यूएई, बहारीन, इजिप्त यांनी कतारची नाकेबंदी केली त्यातल्या १३ मागण्यांपैकी एक होती अल जझीरा बंद करा. एका चॅनलसाठी!

याचं बलस्थान एकच पण मोठं आहे, माणूस तिथे असतो. गाझात २०२३ नंतर इस्रायलने परदेशी पत्रकारांना स्वतंत्रपणे आत जाऊच दिलं नाही, त्यामुळे सगळं जग तिथल्याच लोकांच्या कॅमेऱ्यावर, आणि अल जझीराची माणसं तिथे आधीपासून राहणारी, घरच्यांना गमावून दुसऱ्या दिवशी परत कॅमेऱ्यासमोर उभी. आफ्रिकेचंही तेच, सुदानबद्दल मला सगळ्यात जास्त यांच्याकडेच मिळालं.

आणि आंधळी बाजू? कतार. पगार अमीरांचा, मग अमीरांच्या घरातलं काय निघणार. २०२२ च्या कतारमधल्या फुटबॉल वर्ल्डकपआधी स्टेडियम बांधणाऱ्या मजुरांवर जी धार बाहेरच्या पेपरांत होती ती इथे नव्हती, आणि त्या मजुरांत आपल्या देशातले किती होते ते वेगळं सांगायला नको. आमच्या ओळखीतले एक जण रत्नागिरीहून दोह्याला एसी मेकॅनिक म्हणून गेलेत, ते म्हणतात इथे बसून इथलं सोडून सगळ्या जगाचं कळतं. शिवाय गाझावर बोलताना इंग्रजी चॅनलही बाजू घेतं हे दिसतं, अरबी तर अजून कडक. आणि काश्मीरचा नकाशा चुकीचा दाखवला म्हणून २०१५ ला आपल्याकडे पाच दिवस ब्लॅकआउट होतं ते.

तर मग काय ठेवायचं. भाचीला मी सांगितलं, रोज सकाळी वीस मिनिटं एपी, फक्त हेडलाइन आणि पहिले चार परिच्छेद, नोट्स त्यावरून. मध्यपूर्व आणि आफ्रिका असेल तर संध्याकाळी अल जझीरा, मात्र आखाती देशांचं आपसातलं भांडण आणि कतार हे विषय त्यांच्याकडून घ्यायचे नाहीत, त्यासाठी रॉयटर्स. बीबीसी इंग्रजी ऑप्शनल ठेव. निबंधासाठी मराठी शब्द सापडत नसतील तर बीबीसी मराठीचे एक्सप्लेनर वाच, आरमार, निर्बंध असले शब्द कसे बसवलेत ते बघायला मिळतं. न्यू जर्सीतल्या माझ्या मित्राला मात्र हेच सांगता येणार नाही, अमेरिकेत बीबीसीची इंग्रजी साइट २०२५ च्या जूनपासून पैसे मागते, त्याने सरळ एपी आणि अल जझीरा घ्यावं, दोन्ही फुकट. आखातात नोकरीला जाणारा असेल त्याने तिथल्या कुठल्याच चॅनलवर तिथल्या कामगार कायद्याबद्दल विसंबू नये, बस.

भाचीने हे सगळं वाचून रिप्लाय दिला, "मामा, एकच सांग म्हटलं होतं." मी म्हटलं मग एपी. रात्री ताईचा मेसेज आला, बीबीसी मराठीची लिंक, खाली लिहिलेलं, हे होर्मुझ म्हणजे नेमकं कुठे रे?