पार्वोसाठी ‘दोन वेळा सलाईन’ सेवा: दिवसा कामाची, रात्री अपुरी

कुत्र्याच्या पिल्लाला पार्वो, म्हणजे आतड्यावर हल्ला करणारा संसर्गजन्य विषाणूचा आजार, निघाला की आपल्याकडच्या बहुतेक खासगी दवाखान्यांत एकच व्यवस्था सुचवली जाते. सकाळी आणि संध्याकाळी पिल्लू घेऊन या, दीड-दोन तास सलाईन लावू, इंजेक्शनं देऊ, मग घरी न्या. पाच ते सात दिवस हे चालतं. रात्री ठेवून घेणारे दवाखाने मोजके. मुंबईत महालक्ष्मीला २०२४ साली सुरू झालेलं टाटा ट्रस्ट्सचं प्राण्यांचं हॉस्पिटल चोवीस तास चालतं, पण तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला त्याचा काय उपयोग? तिथे ही दोन वेळची सेवाच हाताशी असते. म्हणून हा आढावा कुठल्या एका दवाखान्याचा नसून या पद्धतीचा आहे: पैसे कशाचे घेतात, त्यात काय मिळायला हवं आणि ती कुठे तोकडी पडते.

पाचपैकी तीन गुण. रात्रीचं नियोजन लिहून देणारा दवाखाना असेल तर चार. ‘सलाईन लावलंय, बघू उद्या’ एवढंच सांगणारा असेल तर दोनसुद्धा जास्त.

पार्वोच्या विषाणूला मारणारं रोजच्या वापरातलं औषध आपल्याकडच्या दवाखान्यांत नाही. विषाणू आतड्याच्या अस्तरातल्या नव्याने तयार होणाऱ्या पेशी आणि हाडांतला मगज यांवर हल्ला करतो. अस्तर सोलवटलं की पाणी, क्षार, प्रथिनं बाहेर वाहतात आणि आतड्यातले जंतू रक्तात शिरतात. त्याच वेळी मगज दबल्यामुळे पांढऱ्या पेशी घसरलेल्या असतात. पिल्लू दगावतं ते पाणी आटून, साखर उतरून किंवा रक्तात जंतू पसरून. नवीन अस्तर यायला जे चार-पाच दिवस लागतात तेवढे दिवस पिल्लाला तगवून धरणं हाच सगळा उपचार. उपचाराविना बहुतेक पिल्लं जातात आणि नीट उपचार झाले तर दहापैकी आठ-नऊ वाचतात. या आजारात एवढा फरक पडतो, म्हणूनच सेवेचा दर्जा बारकाईने पाहायला हवा.

आता पाण्याचा हिशेब, कारण पहिली गडबड इथेच होते. ५ किलोचं पिल्लू, अंगातलं ८ टक्के पाणी गेलेलं. तूट ५ × ०.०८ म्हणजे ०.४ लिटर, ४०० मिली. रोजची गरज किलोमागे साधारण ६० मिलीप्रमाणे ३००. शिवाय उलट्या-जुलाबांतून दिवसभरात आणखी १५०-२०० मिली जाणार. पहिल्या चोवीस तासांत साडेआठशे-नऊशे मिली हवं. दवाखान्यात दोन खेपांना मिळून ५०० मिलीची एक बाटली चढते. दुसऱ्या दिवसापासून, तूट भरलेली असेल तर, ही एक बाटली जेमतेम पुरते. पहिल्या दिवशी ती निम्मीच ठरते आणि ‘सलाईन लावूनही पिल्लू उठलं नाही’ अशी तक्रार बरेचदा इथूनच येते. म्हणून पहिल्या दिवशी दोन तासांवर समाधान मानू नका. दवाखाना उघडल्यापासून बंद होईपर्यंत पिल्लू ठेवून घ्यायला सांगा, जास्तीचे पैसे पडले तरी. त्या दिवसाचे पैसे सगळ्यात सार्थकी लागतात.

बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा. मुख्य सलाईन रिंगर लॅक्टेटचं, म्हणजे क्षार असलेलं, असावं. नुसतं ५ टक्के डेक्स्ट्रोज (साखरेचं पाणी) चढवणं ही जुनी सवय काही ठिकाणी अजून आहे. त्यातली साखर शरीर वापरून टाकतं आणि मागे क्षार नसलेलं पाणी उरतं, जे शिरांमध्ये टिकत नाही. साखर हवीच असते, पण ती रिंगर लॅक्टेटमध्ये मिसळून. पोटॅशियमचंही तसंच. उलट्या-जुलाब आणि उपास यांमुळे ते उतरतं आणि पिल्लाची मान लुळी पडते, आतडं सुस्त होतं. पोटॅशियम क्लोराइडची १० मिलीची नेहमीची अँप्यूल म्हणजे २० मिलीइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक). लिटरभर सलाईनमध्ये साधारण एवढं घालून ते सावकाश सोडतात. घातल्यावर बाटली उलटीसुलटी करून नीट ढवळलीच पाहिजे, आणि अशी बाटली भरभर सोडायची नसते, कारण पोटॅशियम वेगाने गेलं तर हृदय थांबतं. सहायक मुलगा ‘लवकर संपवू’ म्हणून नळीवरचं चाक सैल करत असेल तर बाटलीत पोटॅशियम आहे का, हे तिथल्या तिथे विचारा.

थेंब मोजता येणं पालकांनाही जमायला हवं. सलाईनच्या नळीच्या साध्या सेटमध्ये २० थेंबांचा १ मिली, मायक्रो सेटमध्ये ६० थेंबांचा. मायक्रो सेटवर मिनिटाला जितके थेंब तितके तासाला मिली, गणित सोपं. साध्या सेटवर मिनिटाला २० थेंब म्हणजे तासाला ६० मिली. २५० मिली दोन तासांत द्यायचं तर मिनिटाला ४० च्या आसपास थेंब पडले पाहिजेत. पिल्लाने पाय दुमडला की थेंब थांबतात, आणि दोन तासांनी बाटली निम्मी तशीच लटकलेली असते. दवाखान्यात गर्दी असेल तर हे कोणाच्या लक्षात येत नाही. तुम्ही शेजारी बसून पायाखाली टॉवेलची घडी ठेवा.

सुई रोज नवी टोचणारे दवाखाने टाळा. लहान पिल्लाला पिवळी म्हणजे २४ गेजची, थोड्या मोठ्याला निळी म्हणजे २२ गेजची कॅन्युला (शिरेत ठेवायची बारीक नळी) लावून, धुऊन, बंद करून घरी पाठवतात. ती नीट राहिली तर तीन दिवस चालते. पाणी आटलेल्या पिल्लाची शीर पुन्हा सापडेलच असं नसतं, त्यामुळे ही कॅन्युला जपणं फार महत्त्वाचं. घरी दर चार तासांनी पट्टीखाली बाहेर आलेली मधली दोन बोटं पाहा. दुसऱ्या पायाच्या बोटांपेक्षा ती फाकलेली, गार किंवा सुजलेली दिसली तर पट्टी घट्ट झालीये किंवा सलाईन आउट झालंय, म्हणजे शिरेबाहेर जातंय. पट्टी जुलाबाने भिजली तर लगेच बदलून घ्या. पांढऱ्या पेशी कमी असलेल्या पिल्लाला घाणेरड्या कॅन्युलातून रक्तात जंतू जाणं परवडत नाही.

औषधांत सगळ्यात मोलाचं इंजेक्शन उलटी थांबवणारं. मॅरोपिटंट, किलोमागे १ मिग्रॅ, दिवसातून एकदा कातडीखाली. हे टोचताना झोंबतं, पिल्लू ओरडतं, घाबरू नका. थंड करून दिलं तर कमी झोंबतं. तेवढ्याने भागलं नाही तर जोडीला ऑन्डान्सेट्रॉन. मेटोक्लोप्रामाइड स्वस्त म्हणून सर्रास देतात. पण त्याने आतड्याची हालचाल वाढते आणि पार्वोत आधीच आतडं आतड्यात शिरण्याचा धोका असतो, म्हणून ते पहिल्या पसंतीचं नव्हे. जुलाब बांधणाऱ्या लोपेरामाइडच्या गोळ्या तर नकोतच. अँटिबायोटिक गरजेचं आहे, पण पाणी भरून निघायच्या आधी जेन्टामायसिन दिलं तर मूत्रपिंड जातं. ‘रक्त थांबवायचं इंजेक्शन’ म्हणून बिलात जे येतं त्यावर फार भिस्त ठेवू नका. रक्त सोलवटलेल्या अस्तरातून येतं, ते अस्तर भरून आल्यावरच थांबतं. पपईच्या पानाचा रस, गूळपाणी, हळदपाणी उलटी चालू असताना तोंडात ओतलं की फुफ्फुसात जातं आणि पार्वोतून सावरत असलेलं पिल्लू न्यूमोनियाने जातं.

या सेवेचं समर्थन करताना काही डॉक्टर अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या अभ्यासाचा दाखला देतात. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. ४० पिल्लं, निम्म्यांना भरती करून पूर्ण उपचार, निम्म्यांवर बाह्यरुग्ण पद्धतीचे. भरती केलेल्यांपैकी ९० टक्के वाचली, दुसऱ्या गटातली ८० टक्के. दाखला चांगलाच आहे, पण त्यातल्या अटी सोयीस्करपणे गाळल्या जातात. दुसऱ्या गटातल्या पिल्लांनाही आधी शिरेतून सलाईन देऊन स्थिर केलं होतं. मग किलोमागे ३० मिली सलाईन कातडीखाली दर सहा तासांनी, म्हणजे दिवसातून चार वेळा, रात्रीसुद्धा. मॅरोपिटंट रोज. खाणं दर सहा तासांनी. साखर आणि क्षार रोज तपासून लागेल तशी भर. आणि ही पिल्लं राहात होती हॉस्पिटलातच, माणसांच्या नजरेखाली. आपल्याकडे संध्याकाळी साडेआठला घरी गेलेलं पिल्लू सकाळी दहाला परत येतं. मधले साडेतेरा तास कोरडे. या सेवेचं खरं मोजमाप याच साडेतेरा तासांत होतं.

हे तास भरून काढता येतात. निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून तीन गोष्टी लिहून आणि करून दाखवून घ्या.

पहिली, कातडीखाली सलाईन देणं. ५ किलोच्या पिल्लाला एका वेळी १५० मिली, मानेच्या मागे आणि खांद्यांवर दोन-तीन ठिकाणी विभागून. बाटली कोमट पाण्यात ठेवून अंगाइतकी ऊबदार करायची. फक्त रिंगर लॅक्टेट किंवा साधं नॉर्मल सलाईन. डेक्स्ट्रोजचं कातडीखाली कधीच नाही, त्याने गळू होतात. पाण्याचा फुगा पुढच्या पायांकडे उतरतो, ते चालतं. मात्र सहा तासांनीही तो तसाच असेल तर रक्ताभिसरण मंदावलंय, पाणी शोषलं जात नाहीये, आणि घरचा उपाय इथे संपला. गार पडलेल्या, ग्लानीतल्या पिल्लाला या मार्गाने फायदा होत नाही.

दुसरी, साखर. माणसांचा ग्लुकोमीटर चालतो. कानाच्या कडेला टोचून थेंब घ्या. तो कुत्र्याची साखर जरा कमीच दाखवतो, तरी ६० च्या खाली आकडा आला तर हिरड्यांवर ग्लुकोजचं घट्ट पाणी किंवा मध चोळून डॉक्टरांना फोन करा. अडीच-तीन महिन्यांच्या छोट्या जातीच्या पिल्लांत पहाटे साखर उतरते, आणि ‘शांत झोपलंय’ असं वाटत असताना ते बेशुद्धीकडे चाललेलं असतं. म्हणून रात्री एकदा तरी गजर लावून उठा.

तिसरी, खाणं. ‘उलटी थांबेपर्यंत पोट रिकामं ठेवा’ हा सल्ला अजून ऐकू येतो. २००३ साली दक्षिण आफ्रिकेत ३० पिल्लांवर झालेल्या अभ्यासात नाकातल्या नळीने पहिल्या दिवसापासून खायला दिलेली पिल्लं उपाशी ठेवलेल्यांपेक्षा लवकर सावरली, वजनही वाढलं. आतड्याच्या पेशींना पोषण आतून मिळतं. सुरुवात किलोमागे १ मिलीने, दर सहा तासांनी. ५ किलोच्या पिल्लाला ५ मिली, म्हणजे एक चमचाच. रिकव्हरीचं डबाबंद खाणं मिळालं तर उत्तम, नाहीतर उकडलेलं कोंबडीचं मांस मऊ भातासोबत मिक्सरमधून काढून गाळून घ्या. मीठ, हळद, तूप, दूध नको. उलटी झाली तर ती पाळी सोडा, पुढची द्या. अंगाचं तापमान ९९ फॅरनहाइटच्या खाली असेल तर आधी ऊब आणि डॉक्टर, खाणं नंतर.

तपासण्यांचं बिल पाहून पालक नाराज होतात. शौचाची रॅपिड टेस्ट पॉझिटिव्ह आली तर ती पुरेशी. निगेटिव्ह आली तरी पार्वो नाही असं ठरत नाही, कारण आजाराच्या अगदी सुरुवातीला किंवा शेवटाकडे विषाणू शौचात कमी असतो. लस देऊन थोडेच दिवस झाले असतील तर फिकट रेघ लसीमुळेही उमटू शकते. पुन्हापुन्हा टेस्ट करण्यात पैसे घालवू नका, ते रक्ततपासणीला ठेवा. पांढऱ्या पेशी, विशेषतः लिम्फोसाइट्स, उपचाराच्या पहिल्या एक-दोन दिवसांत वर येऊ लागल्या तर ते फार चांगलं लक्षण. खर्च आखडायचाच असेल तर टॉनिक, लिव्हरचं सिरप आणि ताकदीची इंजेक्शनं गाळा.

सेवा नाकारून थेट भरतीची सोय शोधावी अशी काही पिल्लं असतात. हिरड्या पांढऱ्या आणि दाबल्यावर रंग परतायला दोन सेकंदांहून जास्त लागतात, पिल्लू उभं राहात नाही, वजन दोन किलोच्या आत आहे, झटके आलेत, किंवा पोटात सॉसेजसारखी गाठ हाताला लागते. रॉटवायलर, डॉबरमन, जर्मन शेफर्ड यांच्यात आजार जास्त जोर करतो, त्यांच्या बाबतीत पहिली संध्याकाळ थांबण्यातही जोखीम आहे. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल, इतरत्र पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने, इथे आधी फोन करून संसर्गजन्य पिल्लू ठेवून घेतात का ते विचारा.

दवाखाना निवडताना आणखी एक पाहा: पार्वोचं पिल्लू कुठल्या दाराने आत जातं. लसीला आलेली पिल्लं आणि पार्वोची पिल्लं एकाच बाकावर असतील तर तो दवाखाना रोज नवे रुग्ण तयार करतोय. तुम्हीही पिल्लू बास्केटमध्ये, खाली जुनी चादर घालून न्या आणि बोलावेपर्यंत गाडीतच थांबा.

घरी फिनाइल आणि डेटॉल या विषाणूवर चालत नाहीत. आधी घाण पुसून साबणाने धुवा, मग १ भाग ब्लीच ३० भाग पाण्यात घालून फरशी दहा मिनिटं ओली ठेवा. घाणीवर ओतलेलं ब्लीच वाया जातं. अंगणातली माती ब्लीचने शुद्ध होत नाही, तिथे विषाणू महिनोन्‌महिने टिकतो. बरं झालेलं पिल्लूही तीन-चार आठवडे शौचातून विषाणू सोडतं, तोवर त्याला सोसायटीच्या बागेत नेऊ नका. घरात दुसरं पिल्लू आणायचं असेल तर त्याच्या लसींचा शेवटचा डोस सोळा आठवड्यांच्या वयात किंवा त्यानंतर झालेला असू द्या आणि त्यावर दोन आठवडे जाऊ द्या. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती त्याआधीच्या डोसांना बरेचदा निष्प्रभ करते, आणि ‘दोन लसी झाल्या होत्या तरी पार्वो झाला’ अशा पिल्लांच्या कार्डावर बहुधा हाच डोस राहिलेला असतो.