मुंबई ते न्यूयॉर्क: थेट जावं की दुबईमार्गे?

नकाशावर मोजलं तर मुंबई ते न्यूयॉर्क सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. दुबईमार्गे गेलात तर आधी १,९०० आणि पुढे ११,००० किलोमीटर, म्हणजे वाट जेमतेम चारशे किलोमीटरने लांबते. फरक पडतो तो वेळेत. थेट विमान साधारण पंधरा-सोळा तास घेतं. दुबईमार्गे हवेतलेच सतरा-साडेसतरा तास, वर विमानतळावरचा मुक्काम. तो दोन तासांचा की आठ तासांचा, हे तिकिटावर नीट बघा. स्वस्त तिकीट बहुधा आठवालं असतं!

थेट विमानातही एक मेख आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हापासून त्यांना वळसा पडू लागला. शिवाय जाताना समोरून वारा. येताना तोच वारा पाठीशी असतो, म्हणून परतीचा प्रवास तास-दीड तासाने लवकर आटोपतो.

न्यू जर्सीला नातवंडांकडे निघालेल्या आईबाबांसाठी मी डोळे झाकून थेट विमान घेईन. टर्मिनल बदलायला नको, गेट शोधायला नको. पण गुडघे आखडत असतील तर मधला थांबा वाईट नाही. पाय तरी मोकळे होतात. तरुणांनी पैसे वाचवावेत.

घड्याळ मात्र उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे करा, हिवाळ्यात साडेदहा.