मार्केटिंगची पदवी की सर्टिफिकेट? ठाणे-नवी मुंबईतल्या पर्यायांचा हिशेब

निकाल आधी, कारणं नंतर. बढती पदवीवाचून अडली असेल तर विद्यापीठाची पदवीच घ्या. हात बसवायचा असेल तर गूगलच्या फुकट परीक्षा द्या आणि खिशातले चार-पाच हजार खऱ्या जाहिरातींवर घाला. या दोन्हींच्या मधे ठाणे स्टेशनपासून वाशीच्या सेक्टर १७ पर्यंत जी महागडी 'ॲडव्हान्स्ड सर्टिफिकेट्स' विकली जातात, त्यातली बरीचशी पैशांच्या मानाने फार कमी देतात.

नोकरी सोडायची तयारी असेल तर मुंबई विद्यापीठाचा एमएमएस (मास्टर ऑफ मॅनेजमेंट स्टडीज) आहे. दोन वर्षं पूर्णवेळ, प्रवेश सीईटी आणि कॅप (केंद्रीकृत प्रवेश) फेऱ्यांतून. ठाण्यात बेडेकर इन्स्टिट्यूट हे त्यातलं ओळखीचं नाव. पहिल्या वर्षी अकाउंट्स, ऑपरेशन्स, एचआर असं सगळंच असतं, मार्केटिंग हाती लागतं ते दुसऱ्या वर्षी. माहितीपुस्तिकेत छापलेला प्रत्येक ऐच्छिक विषय चालतोच असंही नाही. मुलं कमी पडली की तो गळतो. मागच्या बॅचला प्रत्यक्षात कोणते विषय शिकवले, ते ऑफिसात न विचारता सिनियर मुलांना विचारा. नेरूळच्या एसआयईएससारख्या ठिकाणी पीजीडीएम, म्हणजे मॅनेजमेंटचा पदव्युत्तर डिप्लोमा असतो. तिथे एआयसीटीईचं (तंत्रशिक्षणाला मान्यता देणारी केंद्रीय परिषद) चालू वर्षाचं मान्यतापत्र मागून बघायचं.

नोकरी सांभाळून करायचं तर तीन वर्षांचा अर्धवेळ एमएमएम (मास्टर ऑफ मार्केटिंग मॅनेजमेंट). दरवर्षी प्रत्येक कॉलेजात बॅच भरतेच असं नाही, तेव्हा चौकशी फोनवर न करता जाऊन करावी. शिकणारे सगळे नोकरदार, त्यामुळे वर्गातली चर्चा बहुतेक वेळा पुस्तकापेक्षा कामाची ठरते. अडचण हजेरीची. महाप्याचं ऑफिस सुटून ठाण्यातलं संध्याकाळचं लेक्चर गाठायचं म्हणजे ट्रान्स हार्बरची एक गाडी चुकली की लेक्चरची सुरुवात हुकली. वर्गात जाणं जमतच नसेल तर इग्नू या मुक्त विद्यापीठाचा मार्केटिंगमधला एमबीए: किमान दोन, कमाल चार वर्षं. असाइनमेंटला ३० टक्के आणि सत्रांत परीक्षेला ७० टक्के भार असतो. लोक अडकतात ते परीक्षेत नाही, असाइनमेंट वेळेत न दिल्याने; पेपर पास होऊनही विषय 'अपूर्ण' राहतो.

मान्यताप्राप्त दूरशिक्षण आणि ऑनलाइन पदव्या नियमित पदवीच्या बरोबरीच्या धराव्यात, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. अट एकच, यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत विद्यापीठ आणि तो अभ्यासक्रम, दोन्हींची नावं हवीत. 'अमुक विद्यापीठाचं आमच्याकडे सेंटर आहे' म्हणणाऱ्या क्लासला तिथूनच नमस्कार करावा, पदवीची फ्रँचायझी देता येत नाही. ॲपवरून मिळणाऱ्या परदेशी पदव्यांबद्दलही यूजीसीने डिसेंबर २०२३ मध्ये इशारा दिला आहे.

आता डिजिटल मार्केटिंगचे खाजगी क्लास. डेमो लेक्चरला गेलात की अभ्यासक्रमाचा छापील कागद मागा. त्यात अजून 'युनिव्हर्सल ॲनालिटिक्स' (वेबसाइटवरच्या भेटी मोजणारं गूगलचं जुनं साधन) असेल तर उठा. गूगलने ते जुलै २०२३ मध्ये बंद केलं, आता त्याच्या जागी जीए ४ (गूगल ॲनालिटिक्स ४) चालतं. मग समोर एक सर्च जाहिरात, म्हणजे गूगलवर शोधल्यावर दिसणारी, बनवून दाखवायला सांगा. सध्याच्या रिस्पॉन्सिव्ह जाहिरातीत (दिलेल्या ओळी गूगल स्वतः जुळवून दाखवतं) १५ पर्यंत हेडलाइन घालता येतात, प्रत्येकी ३० अक्षरांच्या, आणि ९० अक्षरांची चार वर्णनं. मराठीत काना-मात्रा धरून ३० अक्षरं किती पटकन संपतात हे ज्याला माहीत नाही, त्याने मराठी गिऱ्हाइकासाठी जाहिरात केलेली नाही.

त्याहून महत्त्वाचं, जाहिरातीचं खातं कोणाच्या नावावर? बऱ्याच ठिकाणी संस्थेचंच एक सामाईक खातं असतं आणि विद्यार्थी नुसते बघे. पैसे घालणाऱ्याला कळतं ते असं: कळव्यातल्या एखाद्या शिकवणीसाठी रोजचे २०० रुपये ठरवून मोहीम लावली. लोकेशनचं मूळ सेटिंग तसंच राहिलं, तर कळव्यात राहणाऱ्यांबरोबर कळव्यात नुसता 'रस' दाखवणाऱ्या पुण्याच्या माणसालाही जाहिरात दिसते. डिस्प्ले नेटवर्कची (इतर वेबसाइट आणि ॲपवर जाहिरात दाखवण्याची) टिचकी काढली नाही तर पैसे कुठल्या तरी गेमच्या ॲपमध्ये जिरतात. शिवाय एखाद्या दिवशी गूगल ठरल्या रकमेच्या दुपटीपर्यंत खर्च करतं आणि पुढे महिन्यात जुळवून घेतं. हे माहीत नसलेला तिसऱ्या दिवशी घाबरून मोहीम बंद करतो. वीस दिवसांचे चार हजार, वर १८ टक्के जीएसटी, एवढ्यात मुलाखतीत दाखवायला स्वतःचा रिपोर्ट तयार होतो.

'गूगल सर्टिफाइड' नावाने जे विकलं जातं, ती गूगलच्याच स्किलशॉप या प्रशिक्षण साइटवरची परीक्षा फुकट आहे. पास व्हायला ८० टक्के लागतात आणि प्रमाणपत्र वर्षभरच चालतं. दोन वर्षांपूर्वीचं बायोडेटात लावलं तर जाणकार माणूस तारीखच आधी बघतो. तत्त्वं पक्की करायची तर एनपीटीईएलचे (आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाचे) मार्केटिंगचे कोर्स चांगले: ऐकायला फुकट, परीक्षेला फी, २५ गुण असाइनमेंटचे आणि ७५ लेखी परीक्षेचे. लेखीत किमान ३० मिळायलाच हवेत.

एक गोष्ट इथल्या लोकांनी विशेष लक्षात घ्यावी. तुर्भे-रबाळे पट्ट्यातल्या केमिकल किंवा मशिनरीच्या कंपनीत सेल्समध्ये असाल तर इन्स्टाग्राम रील्सचा कोर्स काय कामाचा? तिथे डीलर संभाळणं, कोटेशन, किंमत ठरवणं आणि लिंक्डइन लागतं. बी टू बी, म्हणजे कंपनीने कंपनीला विकणं, शिकवणारा क्लास सापडला तर तो महागडी सर्टिफिकेट्स टाळण्याच्या वरच्या नियमाला अपवाद समजा.

क्लासला फी भरताना ती जीएसटी धरून सांगितली का ते विचारा. 'नो कॉस्ट ईएमआय' म्हणजे बहुतेकदा एखाद्या फायनान्स कंपनीचं तुमच्या नावावरचं कर्ज. बॅच बंद पडली तरी हप्ता सुरूच राहतो, म्हणून पैसे परत मिळण्याची अट पावतीवर लिहून घ्या. शंभर टक्के नोकरीची हमी देणाऱ्याकडे मागच्या बॅचमधल्या मुलांची नेमणूकपत्रं मागा. कोचिंगवाल्यांच्या अशा फसव्या जाहिरातींवर नोव्हेंबर २०२४ पासून केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आणि तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५.