पाच पॅनेल की सहा? सात रस्त्यावरील एका सोलर दुकानाचा अनुभव

जुळे सोलापुरातील आमच्या घराला महिन्याला सरासरी ३०० युनिट, म्हणजे वर्षाला ३,६०० युनिट वीज लागते. तेवढी वीज गच्चीवर तयार होण्यासाठी कमीत कमी किती पॅनेल लागतील, एवढाच प्रश्न घेऊन मी दोन दुकानांत गेलो.

पहिल्या दुकानात पाच मिनिटांत उत्तर मिळाले. एका किलोवॅटला दिवसाला ४ युनिट धरले, तर ५४० वॅटचे एक पॅनेल वर्षाला सुमारे ७८८ युनिट देते आणि पाच पॅनेलचे ३,९४२ होतात. पॅनेल जुने होत जाते तशी वीज घटते, त्याचे काय, असे विचारल्यावर, घट धरूनही २५ वर्षांची बेरीज ९० हजारांच्या, म्हणजे आमच्या २५ वर्षांच्या गरजेच्या, वर जाते, असे सांगण्यात आले. बेरीज बरोबर होती. चुकले होते ते उद्दिष्ट.

सात रस्ता चौकातील दुसऱ्या दुकानात ही चूक उलगडली. तेथील गृहस्थांनी पॅनेलचे माहितीपत्रक पुढे ठेवले. पहिल्या वर्षी २ टक्के आणि पुढे दरवर्षी ०.५५ टक्के घट, म्हणजे २५व्या वर्षाअखेर मूळ क्षमतेच्या ८४.८ टक्केच वीज उरते. नेट मीटरवर, म्हणजे घरात आलेली आणि बाहेर दिलेली अशी दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरवर, जमा झालेली जादा युनिट ३१ मार्चपर्यंतच बिलातून वळती होतात, त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांतील शिल्लक उतरत्या वर्षांच्या कामी येत नाही. पाच पॅनेल १४व्या वर्षी ३,५८१ युनिटवर येतात आणि तेथून तूट सुरू होते.

मग त्यांनी वहीत जो शोध घेतला, तो मला सर्वांत आवडला. गच्चीवर जास्तीत जास्त दहा पॅनेल मावतात. त्यांनी २५व्या, म्हणजे सर्वांत कमी विजेच्या, वर्षासाठी आधी पाच पडताळले. ३,३४३ युनिट, अपुरे. पॅनेल वाढवल्याने वीज कधीच कमी होत नाही, म्हणून एक ते चार पाहण्याची गरजच उरली नाही. नंतर आठ पुरेसे ठरले, म्हणून नऊ आणि दहा बाद झाले. शेवटी सहा पडताळले. ४,०११ युनिट, पुरेसे. पाच नापास आणि सहा पास, म्हणजे सहा हेच सर्वांत लहान उत्तर. सरळ भागाकारानेही हेच आले असते. पण एखाद्या पॅनेलवर पाण्याच्या टाकीची सावली पडत असेल, तर सगळी पॅनेल सारखी राहत नाहीत आणि भागाकार फसतो, हे त्यांचे म्हणणे मला पटले. सहा पॅनेल ३.२४ किलोवॅटची होत असल्याने पीएम सूर्यघर योजनेचे ७८,००० रुपयांचे पूर्ण अनुदानही बसले.

सोलापूरच्या उन्हाबद्दल मात्र त्यांनी आपणहून सांगायला हवे होते. पॅनेलची क्षमता २५ अंशांना मोजलेली असते आणि तापलेल्या पॅनेलची वीज घटते. मे महिन्यात ऊन भाजून काढत असताना आमच्या मीटरवरचा रोजचा आकडा मार्चपेक्षा कमी होता. धुळीचेही तसेच, पाणी येईल त्या दिवशी पहाटे पॅनेल धुणे हे आता घरातले ठरलेले काम झाले आहे.

खरी तक्रार कोटेशनबद्दल आहे. वीजनिर्मितीची २५ वर्षांची हमी पॅनेलची असते, पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या इन्व्हर्टरची नव्हे. तो मध्ये एकदा तरी बदलावा लागेल, हा खर्च कागदावर कुठेच नव्हता. मी विचारल्यावर त्यांनी तो पेनने खाली लिहून दिला.