गावच्या टेनिस बॉल स्पर्धेचं यूट्यूब लाईव्ह: पैसे वसूल, पण आवाजाचं आधी ठरवून घ्या

आमच्या राजापूर तालुक्यातल्या गावात जानेवारीत मंडळाची टेनिस बॉल स्पर्धा असते, यंदा पहिल्यांदा लाईव्ह करणारी टीम बोलावली. दोन कॅमेरे, तीन दिवस, दिवसाला ९ हजार. मिटिंगला यावरून बराच वाद झाला कारण तेवढ्यात सगळे चषक आले असते, पण आता सांगतो, खर्च सत्कारणी लागला.

पोरं सकाळी सहालाच हजर, बॉलरच्या पाठीमागे बांबूचा माळा बांधून त्यावर मेन कॅमेरा, लॅपटॉपवर छत्री, नेटला दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं. स्कोअर क्रिकहीरोज ॲपवर बॉल टू बॉल भरला की खाली पट्टीवर लगेच दिसायचा.

खरा फरक पडला तो स्पॉन्सरमध्ये. आधी स्पॉन्सर म्हणजे बाउंड्रीला फ्लेक्स आणि समालोचकाने दर ओव्हरला नाव घ्यायचं, बस. यंदा हार्डवेअरवाल्या काकांचा लोगो प्रत्येक सिक्सला स्क्रीनवर. सेमीफायनलला एका डावखुऱ्या पोराने एका ओव्हरला चार सिक्स काढले, टीमने ती क्लिप उभी कापून दहा मिनिटांत इन्स्टाला टाकली आणि रात्री तीच क्लिप काकांना पुण्यातल्या भाच्याने व्हॉट्सॲपवर पाठवली, मामा तुमचं दुकान दिसतंय म्हणून. फ्लेक्सचा फोटो कोण कोणाला पाठवतो? काकांनी पुढच्या वर्षीचं तिथल्या तिथे कबूल केलं.

आणि चाकरमानी! विरार, डोंबिवलीची आपली माणसं लोकलमध्ये उभ्याने बघत होती, चॅटमध्ये एकाने लिहिलं बेस्ट बॉलरला माझ्याकडून हजार, आणि खरंच जीपे केलं, ते बघून दुसरा, मग तिसरा, असे साडेअकरा हजार जमले जे गावात फिरून कधीच जमले नसते.

वर मोठ्यांचंही तेच चाललंय म्हणा, २०२३ ते २०२७ च्या आयपीएलचे भारतातले टीव्हीचे हक्क २३,५७५ कोटीला गेले आणि डिजिटलचे २३,७५८ कोटीला. माणसं मोबाईलवर आहेत तर जाहिरात पण तिकडेच जाणार.

आता तक्रार. फायनलला ब्रेकमध्ये डीजेने सिनेमाची गाणी लावली, ती लाईव्हमध्ये गेली, कॉपीराईट आला आणि फायनलचा व्हिडिओच ब्लॉक. ज्या मॅचला सगळे स्पॉन्सर होते तीच आता दाखवता येत नाही, मला फार लागलं हे. डीजे आमचा होता, मान्य, पण ही पोरं रोज हेच काम करतात, त्यांनी आधी सांगायला हवं होतं ना. फोन केला तर दोन दिवस उचलला नाही, मग कॅमेऱ्यातलं रेकॉर्डिंग गाणी काढून पाठवलं, त्यात शेवटची ओव्हर आहे, बक्षीस समारंभ अर्धाच.

पाचपैकी चार देतो. पुढच्या जानेवारीला त्यांनाच सांगितलंय, फक्त ॲडव्हान्स देतानाच कागदावर लिहून घेणार की ब्रेकला मैदानाचा माईक बंद, आणि डीजेला ढोल-ताशा.